माजी सैनिकांच्या मनावरचे घाव हाताळणारे मानसशास्त्रज्ञ कसे घडतात?

मृण्मयी_पुणेकर

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी अमेरिकेत माजी सैनिकांसाठीच्या एका सरकारी रुग्णालयात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मनाच्या आजारांवर उपचार करणारी मानसशास्त्रज्ञ, म्हणून काम करते आहे. शिक्षणाचा पाया मात्र पुण्यातला. मागच्या आठवड्यात साताऱ्याच्या एका तरुण मैत्रिणीचा फोन आला. तीही याच व्यवसायात आहे आणि तिच्याकडे गेल्या तीन महिन्यांत चार निवृत्त जवान आले. तिने विचारले, "ताई, या लोकांवर उपचार शिकवणारी एखादी दोन दिवसांची कार्यशाळा आहे का? मी रजा टाकून करीन." तिची तळमळ खरी होती, म्हणूनच 'दोन दिवसांत हे येत नाही' असे सांगणे मला जड गेले. फोनवर जे नीट मांडता आले नाही, ते इथे सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट, जी मला विद्यार्थिदशेत कोणी सांगितली नव्हती. आपण ज्याला आज क्लिनिकल सायकॉलॉजी म्हणतो, तो पेशा त्याच्या आजच्या रूपात मुख्यतः सैनिकांमुळे उभा राहिला. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेतील माजी सैनिकांची रुग्णालये मनाने खचलेल्या माणसांनी भरलेली होती आणि मनोविकारतज्ज्ञ पुरेसे नव्हते. म्हणून १९४६ मध्ये तिथल्या व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशनने २२ विद्यापीठांना हाताशी धरून सुमारे २०० विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण सुरू केले. त्यानंतर १९४९ मध्ये कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे परिषद भरली आणि मानसशास्त्रज्ञ हा संशोधकही असावा आणि उपचारकही, असे ठरले. त्याच साच्यात पुढच्या पिढ्या शिकल्या. असे असूनही पीटीएसडी, म्हणजे जीवघेण्या प्रसंगानंतर मनात घर करून राहणारा ताणविकार, हे नाव अधिकृत निदानपुस्तिकेत यायला १९८० साल उजाडले. व्हिएतनामहून परतलेल्यांना तोपर्यंत कोणी तापट म्हणे, कोणी दारुडा, तर कोणी कामचुकार.

आता प्रशिक्षणाबद्दल. आमच्याकडे दोन उपचारपद्धती पद्धतशीरपणे शिकवल्या जातात. एडना फोआ यांनी विकसित केलेल्या 'प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर' या पद्धतीत रुग्ण सुरक्षित जागी बसून त्या प्रसंगाची आठवण पुन्हा पुन्हा सांगतो आणि जे टाळत आला आहे त्याच्याजवळ पायरीपायरीने जातो. पॅट्रिशिया रेसिक यांची 'कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी' सर्वसाधारणपणे १२ सत्रांची असते आणि तिच्यात त्या प्रसंगातून मनात घट्ट रुतून बसलेले निष्कर्ष तपासले जातात. कार्यशाळा तीनचार दिवसांचीच असते, हे खरे. पण ती केवळ प्रवेशद्वार आहे. खरे शिक्षण त्यानंतरच्या साधारण सहा महिन्यांत होते, जेव्हा तुम्ही प्रत्यक्ष रुग्ण घेता, त्याच्या लेखी संमतीने सत्र ध्वनिमुद्रित करता आणि दर आठवड्याला एक अनुभवी मार्गदर्शक ते मुद्रण तुमच्यासमोर ऐकतो.

माझ्या पहिल्या रुग्णाचे एक मुद्रण मी आजही विसरलेली नाही. तपशील बदलून सांगते. सहाव्या सत्रात तो म्हणाला की स्फोटाच्या दिवशी गाडीत त्याने मित्राशी जागा बदलली होती. त्यानंतर तो गप्प झाला. मी लगेच म्हणाले, "यात तुमची काहीच चूक नव्हती." मार्गदर्शकांनी तिथे मुद्रण थांबवून विचारले, "हे वाक्य तुम्ही कोणासाठी बोललात?" मी म्हणाले, त्याच्यासाठी. त्यांनी तो तुकडा पुन्हा लावला. त्याच्या शेवटच्या शब्दानंतर चार सेकंदांत माझी खुर्ची करकरली, पाचव्या सेकंदाला मी श्वास घेतला आणि बोलून मोकळी झाले. त्याची शांतता मला सोसवली नव्हती. आणि त्याने काय केले? "येस मॅम" म्हणाला आणि तो विषय पुढची दोन सत्रे काढलाच नाही. मी धीर दिला असे मला वाटत होते, प्रत्यक्षात मी दार लावून घेतले होते.

थांबायला हवे होते आणि मग विचारायला हवे होते: जागा बदलताना तुम्हाला काय माहीत होते? जागा बदलणे रोजचेच होते का? तो स्फोट कोणी घडवून आणला? या प्रश्नांची उत्तरे त्याने स्वतः शोधायची असतात. हे पुस्तकात लिहिलेले असते आणि मी ते वाचलेही होते. पण माझी खुर्ची करकरते, हे पुस्तक सांगत नाही.

आर्या_एम_ए

ताई, मी मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. दोन प्रश्न आहेत. ज्यांना तुमच्यासारखे मार्गदर्शक मिळणार नाहीत, त्यांनी पुस्तके आणि ऑनलाइन व्याख्याने यांवर किती विसंबावे? आणि रुग्णाला ती आठवण पुन्हा पुन्हा सांगायला लावल्याने त्याला इजा होणार नाही का? आमच्या वर्गात बहुतेकांना हीच भीती वाटते.

मृण्मयी_पुणेकर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण ती भीती फार खोल असते आणि अनेकदा ती रुग्णापेक्षा उपचारकाचीच असते. आठवण पहिल्यांदा सविस्तर सांगताना त्रास वाढतो, हे खरे आहे. त्यासाठीच रुग्णाला ० ते १०० या मापावर त्रास किती आहे, हे ठरावीक अंतराने विचारतात. तोच प्रसंग त्याच बैठकीत पुन्हा सांगितला, घरी जाऊन स्वतःचे मुद्रण रोज ऐकले, की हळूहळू ती आठवण आठवणीच्या जागी जाऊन बसते. मात्र सत्र ९० मिनिटांचे का असते, याचे उत्तर इथेच आहे. ४५ मिनिटांत माणसाला त्या ठिकाणी नेऊन तिथेच सोडून देणे हा अपराध आहे.

प्रत्येकाला तपशिलात जावेच लागते असेही नाही. रेसिक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रसंगाचे लेखी वर्णन वगळूनही त्यांची पद्धत तितकीच उपयोगी पडली. म्हणून आता ते लेखन ऐच्छिक आहे.

पुस्तके वाचा, व्याख्याने ऐका. पण स्वतःचे सत्र दुसऱ्याच्या कानाने ऐकल्याशिवाय कौशल्य येत नाही, हे माझे ठाम मत आहे.

निवृत्त_सुभेदार

मॅडम, मी मराठा लाइट इन्फंट्रीमध्ये २८ वर्षे सेवा केली आहे. मी मानसशास्त्र शिकलेलो नाही. तरीही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी झोपेच्या तक्रारीसाठी मी एका समुपदेशकाकडे गेलो होतो. वयाने माझ्या मुलाएवढा होता आणि स्वभावाने चांगला होता. त्याने मला तीनदा 'हवालदार' म्हटले. मी दोनदा दुरुस्त केले. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर यांना सारी पलटण 'साहेब' म्हणते, त्या पदाला पोहोचायला माणसाची हयात खर्ची पडते. ते एक वेळ सोडून दिले असते. पण दहाव्या मिनिटाला त्याने विचारले, "तुम्ही कोणाला मारलेत का?" मी उठलो, त्याला नमस्कार केला आणि बाहेर आलो. पुन्हा गेलो नाही. हा प्रश्न लग्नकार्यात पाहुणेही विचारतात, पण पाहुण्यांना मी उत्तर देणे लागत नाही.

दुसरी गोष्ट 'कॅटेगरी'ची. सेवेत असताना जवानाची वैद्यकीय श्रेणी 'शेप' या पाच अक्षरांनी ठरते आणि त्यातले पहिले अक्षर मानसिक स्थितीचे असते. मनाच्या दवाखान्यात पाठवायचे तर कमांडिंग ऑफिसरने त्याच्या वागणुकीचा अहवाल एका ठरलेल्या फॉर्मवर भरून द्यायचा असतो. म्हणजे झोप येत नाही हे डॉक्टरांना सांगितले, तर ते वर कळणार, कॅटेगरी लागणार, म्हणजे श्रेणी खालावणार, आणि बढतीवर त्याचा परिणाम होणार, हा हिशेब प्रत्येक जवान मनात करतो. वीस वर्षे असा हिशेब केलेला माणूस निवृत्त झाल्यावर तुमच्यासमोर बसतो, तेव्हा "मोकळेपणाने बोला" एवढे म्हटल्याने तो बोलणार नाही. तो आधी पाहील की तुम्ही कागदावर काय लिहिता.

शेवटी भाषेबद्दल. पलटणीत माझ्याभोवती मराठीच होती, पण हुकूम हिंदीत, वायरलेसवरचे बोलणे हिंदीत आणि राष्ट्रीय रायफल्समध्ये असताना आजूबाजूची सारी माणसे हिंदीत. त्या रात्रीचे मला जे ऐकू येते, ते हिंदीतच येते. घरच्यांना सांगायला मात्र शब्द मराठीतले लागतात, आणि ते मला सापडत नाहीत.

मृण्मयी_पुणेकर

सुभेदार साहेब, तुमची शेवटची चार वाक्ये मी दोनदा वाचली. आठवण सांगताना रुग्णाने डोळे मिटून, वर्तमानकाळात बोलावे असे आम्ही शिकवतो. "मी चालत होतो" असे नाही, तर "मी चालतोय, पुढे दोघे आहेत". ज्याच्या कानात तो प्रसंग हिंदीत घडतो आहे, त्याला मराठीतच सांगा असा आग्रह धरला तर तो भाषांतर करत बसेल, आणि भाषांतर करणारा माणूस प्रसंगापासून हातभर लांब राहतो. उलट 'माझ्यामुळे गेला' यासारखा विचार तपासताना मराठीच हवी, कारण तो विचार तो घरात, देवघरासमोर आणि त्या मित्राच्या आईसमोर करत असतो. दोन्ही भाषांत ये-जा करू देणे, हे प्रशिक्षणात वेगळे शिकवावे लागेल. इंग्रजीतल्या कोणत्याही पुस्तिकेत ते मिळणार नाही.

सैनिकी जीवनाची ओळख हा अमेरिकेतल्या अभ्यासक्रमाचा भागच आहे. बेथेस्डा येथील लष्करी वैद्यकीय विद्यापीठात २००६ पासून 'सेंटर फॉर डिप्लॉयमेंट सायकॉलॉजी' हे केंद्र आहे आणि ते बिगरलष्करी मानसशास्त्रज्ञांनाही पदे, तैनाती आणि घरवापसी यांबद्दल शिकवते. तरीही मला सर्वांत जास्त शिकवले ते रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात बसणाऱ्या माजी सैनिकांनीच.

प्रा_अभ्यंकर

मी अनेक वर्षे मानसशास्त्र शिकवले आहे. मृण्मयी यांच्या मांडणीशी बहुतांशी सहमत आहे, पण एक इशारा देणे आवश्यक वाटते. याच दोन पद्धतींचा आढावा २०१५ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. लष्करी रुग्णांवरील चाचण्यांत बऱ्याच जणांचा त्रास लक्षणीय कमी झाला, तरी उपचारांनंतरही सुमारे दोनतृतीयांश रुग्णांचे निदान कायम होते. उपचार अर्धवट सोडणारेही पुष्कळ असतात. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांना केवळ पुस्तिकेबरहुकूम चालणारे कारागीर बनवू नये.

इतिहासही तेच सांगतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने 'शेल शॉक'च्या, म्हणजे युद्धाने मनाला धक्का बसलेल्या, रुग्णांसाठी डॉक्टरांना खास शिक्षण दिले. लिव्हरपूलजवळच्या मॅगल येथील लष्करी रुग्णालयात १९१७ पासून असे अभ्यासक्रम चालत. तिथेच सुरुवातीला काम केलेले डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स पुढे एडिनबरोच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात गेले. सगळे विसरून जा, आनंदी गोष्टींचा विचार करा, असा सल्ला तेव्हा सर्रास दिला जाई. रिव्हर्स यांनी त्याला विरोध केला आणि रुग्णाने त्या आठवणीकडे सहन होईल अशा पद्धतीने पाहावे, असे सुचवले. हे रिव्हर्स त्याआधी निलगिरीच्या तोडा लोकांमध्ये राहून त्यांचा अभ्यास करून आले होते. अनोळखी माणसांच्या चालीरीती निमूटपणे समजून घेण्याची ती सवय त्यांना सैनिकांजवळ बसताना उपयोगी पडली असावी, असे मला नेहमी वाटते.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे (या व्यवसायाची नोंदणी करणारी सरकारी संस्था) नोंदणी झालेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत, तर माजी सैनिक सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगरच्या खेड्यांत राहतात. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा खास कक्ष सुरू झाला, हे स्वागतार्ह आहे. सेवेतील जवान आणि त्यांचे कुटुंबीय यांना तिथे फोनवरून मदत मिळते. परंतु फोनवर धीर देणे आणि बारा आठवडे समोर बसून उपचार करणे यांसाठी लागणारी तयारी वेगवेगळी आहे.

कृष्णाकाठची

माझे यजमान सैन्यातून निवृत्त होऊन एका बँकेत बंदूकधारी सुरक्षारक्षक आहेत. मी कधी कुठे लिहिलेले नाही, पण आज लिहिते.

ते दवाखान्यात जायला तयार नाहीत. 'डोक्याचा दवाखाना' असा शिक्का बसला तर शस्त्रपरवाना जाईल आणि परवाना गेला की नोकरी जाईल, असे ते म्हणतात. आमच्या घराला पुढे एक कडी होती, आता तीन आहेत. रात्री दोनला उठून ते तिन्ही तपासतात, मग मुलांच्या खोलीत जाऊन उभे राहतात. दिवाळीत आम्ही चार दिवस माझ्या माहेरी जातो, कारण तिथे मळ्यात वस्ती आहे आणि फटाके लांबून ऐकू येतात. पाहुण्यांना आम्ही सांगतो की आईला बरे नसते.

आमच्याकडे सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे मिलिटरी या गावाचे नाव सगळे अभिमानाने घेतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. परत आलेल्यांच्या रात्री कशा गेल्या, हे त्यांच्या घरातल्या बायकांनाच ठाऊक असणार. जे शिकवणार आहात, त्यात आमच्याशी कसे बोलावे हेही शिकवाल का? मला आजवर सगळ्यांनी "त्यांना सांभाळून घ्या" एवढेच सांगितले आहे.

मृण्मयी_पुणेकर

ताई, तुम्ही लिहिलेत, फार बरे केलेत. पत्नीला सोबत घेऊन आजार समजावून सांगणे हे पहिल्यादुसऱ्या सत्रातले काम आहे आणि ते शिकवायलाच हवे. विशेषतः तीन कड्या, माहेरची दिवाळी आणि 'आईला बरे नसते' ही सबब, यांना आम्ही 'टाळणे' म्हणतो. घरच्यांनी प्रेमापोटी केलेल्या या तडजोडींमुळे त्रास तात्पुरता शमतो, पण टिकून राहतो. तुम्ही काही चुकीचे केले असा याचा अर्थ नाही. हे तुम्हाला कोणीतरी आधीच सांगायला हवे होते.

बंदुकीचा विषय तुम्ही काढलात आणि तो मला टाळायचा नाही. अमेरिकेत आत्महत्या करणाऱ्या माजी सैनिकांपैकी दहातले सुमारे सात बंदुकीने जीव देतात. त्यामुळे शस्त्र कुठे आहे, गोळ्या वेगळ्या कुलपात आहेत का, फार वाईट दिवसांत ते दुसऱ्याच्या ताब्यात देता येईल का, हे न लाजता, न घाबरवता विचारणे आम्हाला शिकवले जाते. हा प्रश्न विचारताना शिकाऊ उमेदवाराचा आवाज हमखास बारीक होतो, आणि मुद्रणात ते ऐकू येते. यजमानांच्या बोलण्यात जिवाचे बरेवाईट करण्याचा विषय कधी आला, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करा.

अभ्यंकर सर, आपला इशारा रास्त आहे आणि तो अभ्यास आम्हालाही शिकवला जातो. दोनतृतीयांशांचे निदान उरते, म्हणूनच मला प्रशिक्षण अधिक काटेकोर हवे आहे. सुभेदार साहेब दहाव्या मिनिटाला उठले, ते पुस्तिका अपुरी होती म्हणून नव्हे. उपचार सोडून जाणाऱ्यांपैकी किती जण पद्धतीमुळे जातात आणि किती आमच्या उतावळेपणामुळे, हे त्या आकड्यांतून कळत नाही. एका बाबतीत मात्र मी आपल्या बाजूची आहे. भीती आणि अपराधीपणा वेगवेगळे असतात. ज्याने हुकमाप्रमाणे केले आणि ते त्याच्या स्वतःच्या नीतीला पटले नाही, त्याच्या वेदनेला आता 'नैतिक जखम' म्हणतात, आणि तिच्यासमोर आमची प्रश्नावली पुष्कळदा तोकडी पडते. तिथे मी अजूनही शिकतेच आहे.

साताऱ्याची_सखी

ज्या फोनपासून हा धागा सुरू झाला, तो माझा होता.

मी कार्यशाळेचा नाद सोडला आहे. आम्ही तिघी जणी, एक कराडची, एक कोरेगावची आणि मी, दर गुरुवारी रात्री मृण्मयीताईंबरोबर व्हिडिओ कॉलवर बसणार आहोत. प्रत्येकीने एकेकच रुग्ण घ्यायचा असे ठरले आहे. संमतीपत्र मराठीत लिहून काढले. मुद्रण कोण ऐकेल, कधी पुसले जाईल आणि ते कोणत्याही कार्यालयात जाणार नाही, हे त्यात पहिल्याच परिच्छेदात घातले आहे. सुभेदार साहेबांचे लिहिणे वाचून मी ते वाक्य वर आणले. पहिल्या दादांनी संमतीपत्र वाचायला वीस मिनिटे घेतली, चष्मा काढून पुसला आणि विचारले, "मी मध्येच बंद करा म्हटले तर बंद कराल ना?" मी हो म्हटल्यावर त्यांनी सही केली.

सुभेदार साहेब, एक विनंती आहे. पहिल्या गुरुवारी अर्धा तास आम्हाला पदे, पलटण आणि तैनाती समजावून सांगाल का? आणि जे प्रश्न विचारू नयेत, तेही.

निवृत्त_सुभेदार

अवश्य. वेळ कळवा. मी दहा मिनिटे आधी हजर असेन.